बॅकअप उघडत नाही तेव्हा

संगणकाची डिस्क आणि तिचा बॅकअप हा काही वाङ्मयीन त्रैमासिकाचा विषय नव्हे, असे अनेक वाचकांना वाटेल. प्रस्तुत लेखकालाही काही वर्षांपूर्वीपर्यंत तसेच वाटत होते. एखादे हस्तलिखित कुणी लिहिले, कोणत्या अनुभवाला त्यात वाचा फुटली, याची चर्चा आपण हिरीरीने करतो. ते हस्तलिखित आज कोणत्या डब्यात ठेवले आहे आणि तो डबा उद्या उघडेल काय, हा प्रश्न मात्र आपण तालुक्याच्या दुकानदारावर सोपवून मोकळे होतो. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी कागदच नव्हता त्यांना ही बेफिकिरी परवडणारी नाही.

मेहकर तालुक्यातील एका गावी वस्तीत एक लहानसे वाचनालय आहे. २००६ साली वर्गणी काढून तेथे एक वापरलेला संगणक घेतला. त्यात विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि मराठी टंकासाठी सी-डॅकचे आयएसएम होते. पुढील पाच वर्षांत कार्यकर्त्यांनी त्यात तीन गोष्टी साठवल्या. गायन पार्टीतील एका वृद्ध शाहिराने तोंडी सांगितलेली जलशाची पदे, आयाबायांच्या जात्यावरच्या ओव्या आणि वस्तीतील कुटुंबांच्या जुन्या कागदांची स्कॅन केलेली चित्रे.

या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींचा मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५० आहे. त्याआधीचा कागद ज्याच्या घरी आहे त्याचे काम सोपे होते, नाही त्याच्या चपला झिजतात. बुलडाणा जिल्हा वऱ्हाडातला. १९५६ पर्यंत तो मध्य प्रदेशात होता आणि त्याआधी सी. पी. अँड बेरारमध्ये. जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात. आजोबाचे नाव कोणत्या गावच्या, कोणत्या सालच्या बुकात आहे, एवढे कळले तरी अर्धे काम होते.

२०११ च्या उन्हाळ्यात संगणक रखडू लागला. विंडोज नव्याने घालण्यापूर्वी दुकानदाराने घोस्ट नावाच्या सॉफ्टवेअरने डिस्कची इमेज काढली आणि ती एका बाहेरच्या डिस्कवर ठेवून दिली. ‘सगळं सेफ आहे’ असे तो म्हणाला. आम्ही विश्वास ठेवला. इमेज एकदाही उघडून पाहिली नाही. दोन वर्षांनी संगणकाची मूळ डिस्क कायमची बंद पडली. मध्यंतरी शाहीरही गेले. २०२४ साली वस्तीतील एका मुलीला पणजोबांच्या नोंदीचा कागद हवा झाला. घरातली नक्कल पावसात भिंत पडली तेव्हाच गेली होती. तेव्हा कुठे आम्हांला त्या डिस्कची आठवण झाली. ती उघडायला आम्हांला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत जे शिकावे लागले ते येथे क्रमाने मांडतो.

१. कॉपी आणि इमेज

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फाइलींची कॉपी म्हणजे कपाटातील वह्या उचलून दुसऱ्या कपाटात ठेवणे. डिस्क इमेज म्हणजे कपाट, त्याचे कप्पे, कुलूप, वह्यांची यादी आणि वह्या यांचा मिळून एक साचा काढणे. इमेजमध्ये विंडोज असते, टंक असतात, पेजमेकर असते आणि संगणक सुरू होताना जो भाग सर्वांत आधी वाचला जातो तोही असतो.

आपल्यासारख्यांना इमेज का हवी? इंग्रजीत काम करणाऱ्याने नुसती फाइल जपली तरी बहुधा भागते. जुन्या मराठी फाइलीचे तसे नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण आपल्या छापखान्यांत आणि वाचनालयांत त्यानंतर वीस वर्षे आयएसएम, श्रीलिपी, कृतिदेव यांचेच राज्य होते. या टंकांत ‘क’ हा क म्हणून साठवला जात नाही. इंग्रजी अक्षराच्या जागेवर क चा आकार बसवलेला असतो. टंक गेला की मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा होतो. म्हणून फाइल, टंक आणि सॉफ्टवेअर ही तिन्ही एकत्र जगली तरच पद जगते. इमेज ती तिन्ही एकत्र ठेवते. मात्र काही मराठी सॉफ्टवेअरना संगणकामागे लावायचे हार्डवेअर लॉक लागे. ते लॉक इमेजमध्ये येत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते फेकून देऊ नये.

२. डिस्क जोडली, पण संगणक म्हणतो फॉरमॅट करा

बाहेरची डिस्क नव्या विंडोजच्या संगणकाला जोडली आणि पडद्यावर विचारणा आली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची काय? येथे ‘हो’ दाबणारे शेकडो लोक असतील. आमच्यातील एकाचे बोटही तिकडे गेले होते.

या प्रश्नाचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नसतो. या संगणकाला तिची फाइल सिस्टिम वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर नोंदी कशा मांडल्या आहेत याची पद्धत. ज्याला मोडी येत नाही त्याने मोडीतला कागद कोरा आहे असे म्हणावे, तसा हा प्रकार आहे. विंडोजची आजची पद्धत एनटीएफएस. पेनड्राइव्हवर बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट असते. लिनक्सवर ईएक्सटी-४ किंवा त्याआधीची ईएक्सटी-३. मॅकवर २०१७ पासून एपीएफएस. विंडोजला लिनक्सच्या आणि मॅकच्या पद्धती स्वतःहून वाचता येत नाहीत.

आमची डिस्क मधल्या काळात लिनक्स शिकणाऱ्या एका मुलाने ईएक्सटी-३ मध्ये तयार करून इमेज तीत हलवली होती. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते आणि कुणी विचारलेही नव्हते. उपाय सोपा निघाला. पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स घेतले, संगणक त्यावर सुरू केला आणि डिस्क ‘केवळ वाचण्यासाठी’ या पद्धतीने जोडली. फाइली दिसल्या. जुन्या डिस्कला हात लावताना पहिला नियम हाच धरावा की तिच्यावर काहीही लिहिले जाता कामा नये.

फाइल सिस्टिमच्या आणखी तीन अडचणी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, फॅट-३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. डिस्कवर १०० जीबी मोकळे असले तरी इमेज ४ जीबीला येऊन थांबते आणि ‘जागा नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. अशा वेळी इमेजचे तुकडे करण्याची सोय वापरावी, किंवा डिस्क रिकामी असेल तर ती एनटीएफएसमध्ये तयार करून घ्यावी.

दुसरी, एक्सफॅट सर्वत्र चालते म्हणून लोक ती निवडतात. परंतु एनटीएफएस आणि ईएक्सटी-४ मध्ये चालू व्यवहाराची जी रोजकीर्द ठेवली जाते ती एक्सफॅटमध्ये नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर यादीच बिघडण्याचा धोका तेथे अधिक. भारनियमन ज्यांच्या अंगवळणी पडले आहे त्यांनी एकुलता एक बॅकअप एक्सफॅटवर ठेवू नये.

तिसरी अडचण खास आपली आहे. एनटीएफएसमध्ये फाइलीच्या नावाला २५५ अक्षरखुणांची मर्यादा आहे, तर ईएक्सटी-४ मध्ये २५५ बाइटांची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. म्हणजे लिनक्सवर मराठी नावाला ८५ खुणाच मिळतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या साऱ्या स्वतंत्र खुणा आहेत. शाहिराचे नाव, गाव, पदाची पहिली ओळ आणि तारीख असे सविस्तर नाव दिलेली फाइल विंडोजवर सुखाने राहते, लिनक्सच्या डिस्कवर जाताना ‘नाव फार लांब’ म्हणून मागे राहते. शंभर फाइली गेल्या आणि सात राहिल्या हे गडबडीत कळतही नाही. म्हणून कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या मोजून पाहावी.

३. इमेज दिसते, पण सॉफ्टवेअर ती उघडत नाही

आता फाइली दिसत होत्या. एकीचे शेपूट जीएचओ, बाकीच्यांचे जीएचएस. मोठी इमेज घोस्ट २-२ जीबीच्या तुकड्यांत कापतो. पहिला तुकडा जीएचओ, पुढचे जीएचएस. सारे तुकडे एकाच फोल्डरमध्ये आणि मूळ नावांनीच असावे लागतात. आमच्या एका तुकड्याचे नाव कुणीतरी ‘सोयीसाठी’ बदलले होते. ते पूर्ववत केल्यावर गाडी पुढे सरकली.

नंतर प्रश्न आला आवृत्तीचा. घोस्ट १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झाला. १९९८ साली सिमँटेक कंपनीने तो विकत घेतला. पुढे २००४ च्या सुमारास या कंपनीने दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरच्या पायावर नवे घोस्ट काढले, पण नाव जुनेच ठेवले. नाव एक, घराणी दोन. जुन्या घराण्याची इमेज जीएचओ, नव्या घराण्याची व्ही-२-आय. एकाचे दुसऱ्याला उघडत नाही. एप्रिल २०१३ मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री बंद झाली. दुकानदार ‘घोस्टमध्ये घेतलंय’ म्हणाला होता. कोणते घोस्ट, हे त्याने सांगितले नाही.

हे एका घोस्टपुरते नाही. ॲक्रॉनिसच्या इमेजचे शेपूट आधी टीआयबी होते, २०२० च्या आवृत्तीपासून टीआयबीएक्स आले, आणि २०१९ ची आवृत्ती टीआयबीएक्स उघडू शकत नाही. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती जानेवारी २०२४ पासून निराधार झाली, आणि नंतरच्या रिफ्लेक्ट एक्सने नव्या धाटणीची इमेज आणली, ती जुन्या आवृत्तीला कळत नाही. सर्वसाधारण नियम असा सांगता येईल: नवे जुन्याला वाचते, जुने नव्याला वाचत नाही, आणि कंपनी बुडाली की दोन्ही मुकी होतात. यावर उपाय एकच. ज्या सॉफ्टवेअरने इमेज घेतली ते सॉफ्टवेअर, त्याच आवृत्तीचे, इमेजच्या शेजारीच ठेवावे. कुलपाबरोबर किल्ली ठेवू नये हा शहाणपणा चोरांच्या बाबतीत खरा आहे, काळाच्या बाबतीत नाही.

यात मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग आपल्याला जवळचा आहे. तैवानमधील राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेले क्लोनझिला फुकट मिळते, पेनड्राइव्हवरून चालते आणि त्याची घडण सर्वांना खुली आहे. त्याच्याही अटी आहेत. त्याच्या इमेजमधून एखादीच फाइल सहज काढता येत नाही, आणि ज्या डिस्कवर इमेज उतरवायची ती मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. मूळ डिस्क १६० जीबीची, त्यात भरलेले २० जीबी, आणि नवी डिस्क १२० जीबीची, तरी ते नकार देते. भरलेल्या मालाचा नव्हे तर कपाटाचा आकार ते पाहते.

वाढीव बॅकअपबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. काही सॉफ्टवेअर पहिल्यांदा पूर्ण इमेज घेते आणि नंतर फक्त बदललेला भाग. जागा वाचते, पण साखळी तयार होते. मधली एक कडी गेली की पुढच्या साऱ्या निरुपयोगी, आणि पहिलीच गेली तर काहीच उरत नाही. कागदांच्या जगातही हे घडले आहे. बाबासाहेबांच्या निधनानंतर त्यांची कागदपत्रे वर्षानुवर्षे न्यायालयीन ताब्यात होती. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढली, त्यामागे संपादक वसंत मून यांचे अपार कष्ट आहेत. १९८७ च्या चौथ्या खंडाच्या वेळी ‘रिडल्स’ या ग्रंथाचे अंतिम हस्तलिखित हाती आले नाही. फाइलींत सापडलेल्या सुट्या प्रकरणांवरून ग्रंथ लावावा लागला. ज्याने लिहिले तो सांगायला नाही, आणि कोणती प्रत शेवटची हे कागद स्वतः बोलत नाही. आपल्या फोल्डरमध्ये ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अंतिम खरे’ अशा तीन फाइली असतात तेव्हा आपणही पुढच्या संपादकासाठी तेच काम वाढवून ठेवत असतो.

४. इमेज उतरली, पण संगणक सुरू होत नाही

आम्ही उतावीळपणे ती इमेज एका नव्या संगणकाच्या रिकाम्या डिस्कवर उतरवली. काळा पडदा. संगणकाला डिस्कवर सुरू करण्याजोगे काहीच सापडेना. कारण असे की जुने संगणक बायॉस पद्धतीने सुरू होतात आणि डिस्कची वाटणी एमबीआर पद्धतीने मांडलेली असते. नवे संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू होतात आणि त्यांना जीपीटी मांडणी लागते. बऱ्याच नव्या संगणकांत जुनी पद्धत चालू करण्याची सोयच उरलेली नाही. एमबीआरला २ टीबीच्या पुढची डिस्कही पेलत नाही.

मग एक जुना संगणक मिळवला. तेथे विंडोज सुरू होता होता निळा पडदा आला, खाली शून्य, एक्स आणि ७बी असा आकडा. या आकड्याचा अर्थ असा: विंडोज जागे झाले, पण ज्या डिस्कवर ते स्वतः बसले आहे तिच्याशी बोलण्याचा ड्रायव्हर त्याच्याजवळ नाही. जुन्या संगणकात डिस्क आयडीई पद्धतीने जोडलेली, येथे एएचसीआय. सेटिंगमध्ये ती आयडीई केली तर पुष्कळदा काम होते.

शेवटी जो मार्ग फळला तो तिसराच. संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरचाच दुसरा संगणक उभा करता येतो. व्हर्च्युअलबॉक्स हे त्यासाठी मोफत मिळते. त्यात एक्सपीसाठी जागा केली, मूळ डिस्कपेक्षा मोठी काल्पनिक डिस्क दिली, तिचा नियंत्रक आयडीई ठेवला आणि घोस्टच्या सीडीवरून इमेज उतरवली. वाचनालयाचा २००६ चा संगणक २०२४ साली एका चौकटीत जिवंत झाला. त्याला इंटरनेट जोडले नाही. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्येच थांबली आहे.

पण वाचकांनी ही सारी यातायात करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: मला संगणक हवा आहे की फाइल? नुसती स्कॅन केलेली चित्रे हवी असतील तर संपूर्ण इमेज उतरवण्याची गरज नाही. घोस्ट एक्सप्लोरर इमेज फोल्डरसारखी उघडतो आणि हवी ती फाइल बाहेर काढता येते. ॲक्रॉनिस आणि मॅक्रियममध्येही तशी सोय आहे. हे आम्हांला आधी ठाऊक असते तर पणजोबांची नोंद पहिल्याच आठवड्यात हाती आली असती.

५. फाइल उघडली, पण अक्षर लागत नाही

पेजमेकरमध्ये पदे उमटली तेव्हा वाचनालयात जमलेली माणसे गप्प झाली. परंतु काम संपले नव्हते. ही पदे युनिकोडमध्ये आणल्याशिवाय उद्याच्या संगणकावर ती वाचता येणार नाहीत. रूपांतर करणारी साधने मिळतात. ती ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला लावतात, रफार सरकवतात, जोडाक्षरे फोडतात. म्हणून मूळ पानाची पीडीएफ काढून ती शेजारी ठेवूनच प्रत्येक ओळ तपासावी लागते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. तपासणारा शिकलेला असतो, आणि त्याचा हात ‘शुद्ध’ करण्याकडे धावतो. ओवी सांगणारी बाई वऱ्हाडीत बोलली. तिने ‘मले’ म्हटले असेल तर ते ‘मला’ करण्याचा अधिकार यंत्रालाही नाही आणि मास्तरलाही नाही. डिस्क बिघडून जेवढे नष्ट होत नाही तेवढे अशा दुरुस्तीने नष्ट होते, आणि त्याचा बॅकअप कुणी ठेवत नाही.

६. डिस्कच आजारी असेल तर

आमच्या बाहेरच्या डिस्कचे काही भाग वाचता येत नव्हते. इमेज काही ठिकाणी तुटली होती. पत्र्याच्या खोलीत दहा-बारा वैशाख काढल्यावर यंत्राने आणखी काय करावे? डिस्क टकटक आवाज करू लागली, फाइल उघडायला मिनिटे लागू लागली, की तिच्यावर चेकडिस्क चालवू नये. ती दुरुस्ती डिस्कवर लिहिते आणि दुबळ्या डिस्कचा उरलेला जीव घेते. आधी जीएनयू डीडीरेस्क्यू या मुक्त साधनाने तिची प्रत काढावी. ते जे सहज वाचता येते ते आधी उचलते, अवघड भाग नंतरसाठी ठेवते, आणि कुठपर्यंत आलो याची नोंद एका फाइलीत करते. वीज गेली तरी तेथूनच पुढे सुरू करता येते. दुरुस्तीचे सारे प्रयोग नंतर त्या प्रतीवर करावेत. डिस्क मुळीच फिरत नसेल तर ती घरी उघडू नये. ते काम धूळविरहित जागेचे आहे.

७. नवा बॅकअप घेताना

आता वाचनालयात विंडोज ११ चा संगणक आहे. त्याची इमेज घेतानाही अडचणी आल्या. क्लोनझिला एनटीएफएसचा भाग घेईना. कारण ‘शटडाउन’ केल्यावर विंडोज खरोखर बंद होत नाही. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ते अर्धवट झोपते आणि डिस्कवर ‘मी वापरात आहे’ अशी खूण राहते. ती सोय बंद करावी आणि पूर्ण बंद केलेल्या संगणकाचीच इमेज घ्यावी. तरीही नकार आला तर डिस्क निरोगी असल्याची खात्री करून चेकडिस्क एकदा चालवावी.

दुसरे, विंडोज ११ च्या अनेक यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. याला बिटलॉकर म्हणतात. तिची इमेज घेता येते, पण तीही कुलूपबंदच राहते आणि ४८ आकड्यांच्या किल्लीवाचून उघडत नाही. ती किल्ली कागदावर लिहून दोन विश्वासू व्यक्तींकडे ठेवावी.

तिसरे, विंडोज चालू असताना इमेज घेणारे सॉफ्टवेअर ‘व्हीएसएस’ नावाच्या सेवेवर अवलंबून असते. ती क्षणभर डिस्कचे चित्र स्थिर धरते. तिची चूक दाखवली गेली तर आधी संगणक पुन्हा सुरू करावा, डिस्कवर मोकळी जागा आहे का पाहावे आणि एकाच वेळी दोन बॅकअप सॉफ्टवेअर चालत नाहीत ना याची खात्री करावी. बहुतेक वेळा दोष याच तिघांत असतो.

८. वही

हे सर्व केल्यावर आम्ही एक साधी वही घातली. बॅकअप घेतला की तीत लिहायचे: तारीख, सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती, डिस्कची फाइल सिस्टिम, फाइलींची संख्या, आणि एसएचए-२५६ चा आकडा. हा आकडा म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. शेवटचा रकाना आहे ‘उघडून पाहणाऱ्याची सही’. हा रकाना रिकामा असेल तर बॅकअप झाला असे आम्ही धरत नाही. दर तीन महिन्यांनी एखादी फाइल प्रत्यक्ष उघडायची, वर्षातून एकदा संपूर्ण इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवून पाहायची.

प्रती तीन ठेवतो. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी गावाबाहेर, चिखलीला एका कार्यकर्त्याच्या घरी. इमेजशिवाय पदे साध्या युनिकोड मजकुरात, चित्रे टिफ आणि पीडीएफमध्ये वेगळी ठेवतो, म्हणजे सॉफ्टवेअर मेले तरी अक्षर जगेल. पदांची एक प्रत कागदावर छापून घेतली आहे. कुटुंबांचे कागद मात्र त्या त्या कुटुंबाच्या संमतीनेच ठेवतो आणि वेगळ्या कुलूपबंद डिस्कवर ठेवतो. लोकांचा कागद जपणे म्हणजे तो चारचौघांत वाटणे नव्हे.

सहा महिन्यांच्या खटपटीचा हिशेब असा. जलशाच्या पदांपैकी बहुतेक मिळाली. काहींच्या फाइली तुटलेल्या भागात होत्या, त्या गेल्या, आणि त्या पुन्हा सांगायला आता कुणी नाही. ओव्या सर्व मिळाल्या. पणजोबांच्या नोंदीचे चित्र मिळाले. स्कॅन हा काही पुरावा नव्हे, हे आम्हांला माहीत होते. पण त्यावर गाव होते, साल होते. त्या आधारे मुलीने अर्ज केला आणि सहीशिक्क्याची नक्कल तिला मिळाली.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नोंदी दुसऱ्यांच्या दप्तरात राहिल्या आणि नक्कल मागायला आपण त्यांच्या दारात उभे राहिलो. संगणक आला तेव्हा दप्तर आपल्या घरात आले. पण किल्ली पुन्हा एकदा आपण दुकानदाराच्या हाती दिली, कारण हे शास्त्र आपले नाही असे आपण समजलो. ते फारसे अवघड नाही. दहावी झालेली दोन मुले आठवडाभरात शिकतात. प्रत्येक वाचनालयाने, प्रत्येक लहान नियतकालिकाने आणि आत्मकथन लिहीत बसलेल्या प्रत्येकाने हा अंक खाली ठेवल्यावर एवढे एक काम करावे. आपला बॅकअप ज्या डिस्कवर आहे ती काढावी, दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि एक फाइल उघडून पाहावी. उघडली तर वहीत सही करावी. उघडली नाही, तर ते आज कळले हे बरे झाले. मूळ डिस्क अजून चालते आहे.